भरपूर बाजारातलं शहाणं मशीन

नाही, पण मी काय म्हणतो, कोथिंबिरीच्या जुडीला वजन असतं का? म्हणजे असतं, मला कळतं, पण मशीनला जाणवावं एवढं असतं का? मी आपला जुडी ठेवतोय आणि ते मशीन मला म्हणतंय, "कृपया वस्तु को थैली में रखें." ठेवली. "कृपया वस्तु को थैली में रखें." अरे बाबा, ठेवली, ही बघ, हिरवीगार दिसून राहिली आहे... "कृपया वस्तु को थैली में रखें." मागे ही एवढी लाइन, त्यातला एक जण म्हणतो, "अंकल, जरा दबा के रखो," म्हणून मी दाबली, तर मशीन म्हणतं, "अतिरिक्त वज़न पाया गया." म्हणजे हात उचलला तर कोथिंबीर नाही आणि हात ठेवला तर मी स्वतःच विकायला ठेवलेला. शेवटी जुडी तिथंच सोडली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, आज इंदूरमध्ये कोथिंबीर आलेलीच नाही. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला कौसल्यावहिनींची जी आठवण आली... गेल्याला तसा एकच दिवस झाला होता त्यांना. म्हणजे दुकानातून गेल्याला. तशा त्या आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, सकाळी त्यांच्या पोह्यांची फोडणी मला खाली कळते.

आता कौसल्यावहिनी कोण, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस कोथिंबिरीवरून कुठं निघाला. भरपूर बाजार म्हणून मोठं दुकान आहे आमच्या जुनी इंदूरच्या पुढं, वर-खाली दोन मजले, साबणापासून सेवपर्यंत सगळं. तिथं वहिनी बिलाच्या काउंटरवर. माहेर महूचं. आजोबा फौजेत, वडील फौजेत, त्यामुळे ताठ पाठ आणि लाइन या दोन गोष्टी घरातूनच आलेल्या. आणि इंदूरच्या माणसाला लाइनीत उभं करणं म्हणजे काय असतं हे इंदूरच्याच माणसाला विचारा. आम्ही ओला कचरा वेगळा टाकू, सुका वेगळा टाकू, गाडी आली की गाणं ऐकून धावत जाऊ, पण लाइन? "बस भिया, एकच आयटम आहे माझा," म्हणून जो तो पुढं. वहिनी आवाज चढवायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "भैया, आप इनके पीछे." भैया जायचा. मी स्वतः गेलोय.

आणि हात बिल करतोय तोवर तोंड गप्प नाही. याची मुलगी सासरी कशी आहे, त्याचा गुडघा कसा आहे, याला साखर मना आहे तर जलेबीचं पाकीट कुणासाठी... सगळं त्यांना ठाऊक. घरात त्यांना सून म्हणत, आई म्हणत, वहिनी म्हणत. काउंटरवर लोक मॅडम म्हणायचे. ते त्यांना आवडायचं. आवडू नये का? आता यात कौसल्यावहिनींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तर एके दिवशी निशांत आला. म्हणजे निशांत आधीपासून होताच, मॅनेजर आहे तो तिथला, आपल्यातलाच मुलगा, मराठी येतं पण शोधत शोधत येतं. त्या दिवशी तो मशीन घेऊन आला. तीन मशीनं. वस्तू दाखवायची, मशीन टूं करतं, वस्तू पिशवीत ठेवायची, फोननं पैसे भरायचे, निघायचं. मधे माणूस नाही. निशांतनं सगळ्यांना जमवून भाषण दिलं. "देखो, हे फ्यूचर आहे. मशीन थकत नाही, मशीन सुट्टी मागत नाही, मशीन चहाला जात नाही." ऐकणाऱ्या काउंटरवरच्या तिघी, कौसल्यावहिनी, प्रीती आणि अमिता, नुकत्याच चहा पिऊन आल्या होत्या.

मग नारळ फोडायचं ठरलं. शुभ काम आहे, मशीन असलं म्हणून काय झालं. आता नारळ हातात धरून उभं राहायचं तर निशांतनं तो क्षणभर टेकवला, नेमका मशीनच्या काट्यावर. मशीन म्हणालं, "अज्ञात वस्तु. कृपया सहायक को बुलाएँ." दिवा लाल. निशांत म्हणाला, "सहायक कोण आहे?" कुणीच नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघतायत आणि मशीन आपलं सहायक को बुलाएँ, सहायक को बुलाएँ... शेवटी वहिनी पुढं झाल्या, नारळ उचलला, दिवा हिरवा झाला. निशांत म्हणाला, "कौसल्याजी, तुम्ही सहायक."

अशी ती नेमणूक. अमिताला सांगितलं, तुम्ही सध्या घरी थांबा, आम्ही कळवू. प्रीतीला पाठवलं सांवेर रोडच्या गोदामात, पेट्यांवर लेबलं चिकटवायला, तर तिथंही आपोआप पळणाऱ्या गाड्या आलेल्या, पेट्या घेऊन एकट्याच फिरतात, आणि माणूस मधे आला की थांबतात. प्रीती दिवसभर भिंतीला चिकटून उभी. सुपरवायझर सांगायचा, "मॅडम, तुम्ही हलू नका, हललात की काम थांबतं." बिचारी म्हणायची, मला न हलण्याचाच पगार देतात बहुतेक, पण किती दिवस देतील.

आणि वहिनींना मिळालं निळं जाकीट, पाठीवर लिहिलेलं 'मुझसे पूछिए'. काम काय, तर लोकांना मशीन शिकवायचं. लोक शिकेपर्यंत. निशांत तसं सरळच म्हणाला, "लोक शिकले की मग बघू." आता मग बघू म्हणजे काय हे तुम्हाला कळलं, मला कळलं, वहिनींना तर लगेच कळलं.

संध्याकाळी घरी पंचशील लसूण सोलत बसला होता. पंचशील म्हणजे त्यांचे यजमान, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, शांत माणूस, बोलतो तेव्हा हळू बोलतो.

"शिकवलं नाही तर निशांत काढेल," वहिनी म्हणाल्या, "आणि शिकवलं तर मशीन काढेल."

"अर्धवट शिकव," पंचशील म्हणाला.

"अर्धवट कसं शिकवतात?"

"आमच्याकडे सगळे सर तेच करतात. पोरं वर्ग सुटल्यावर परत येतात."

वहिनी हसल्या, पण रात्रीच्या भाजीला फोडणी देता देता त्यांच्या डोक्यात एक विचार आला आणि तो अर्धवट नव्हता, पूर्ण होता. त्यांनी ठरवलं, शिकवायचंच नाही. मदत करायची. एवढी मदत करायची, एवढी मदत करायची की लोकांना शिकायला वेळच मिळू नये.

बस, दुसऱ्या दिवसापासून सुरू. माणूस मशीनसमोर आला, त्यानं बोट पुढं केलं, की वहिनी हजर. "अरे भैया, आप क्यों तकलीफ करते हो, लाइए." टूं टूं टूं, झालं बिल. आमच्या गल्लीतले रामभाऊ, बिचारे रोज एकच वस्तू घ्यायला जातात, कारण घरी बोलायला कुणी नाही, ते चष्मा पुसून मशीन वाचायला लागले की वहिनी म्हणायच्या, "रामभाऊ, तुम्ही बीपीची गोळी घेतली का ते सांगा, तोवर मी हे करते." रामभाऊ गोळीचं सांगायचे, साबण पिशवीत गेलेला असायचा. चारुलताबाई, त्या निवृत्त शिक्षिका, त्यांना खरं तर शिकायचं होतं, वही घेऊन आल्या होत्या, "मला पायरी पायरीनं सांगा." वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, आता आराम करा." चारुलताबाईंना भरून आलं. वही मिटली.

आणि सेववाले. आता बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. इंदूरचा माणूस सेवचं पाकीट घेतो आणि घरी जाईपर्यंत थांबत नाही, लाइनीतच फोडतो. काट्यावर येईपर्यंत पाकीट हलकं झालेलं. मशीन म्हणतं, "वज़न मेल नहीं खा रहा." वहिनी त्या माणसाच्या मिशीकडे बघायच्या, मिशीत सेव, आणि काही न बोलता बटण दाबून द्यायच्या. तो माणूस वाकून नमस्कार करून जायचा.

सगळे खूश. लोक खूश, निशांत खूश, वहिनी खूश. आता यात कौसल्यावहिनींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. लोकांना मदत करणं हा काही गुन्हा आहे का?

चुकलं ते इथं चुकलं. मशीनवरची सगळी बिलं तिकडं मोठ्या ऑफिसात पडद्यावर दिसतात. तिथं कौसल्यावहिनी दिसत नाहीत, मशीन दिसतं. आणि तिथल्या लोकांनी पाहिलं की बाकी शहरांत मशीनजवळ लोक अडकून पडतात, चिडतात, सामान टाकून जातात, आणि इंदूरचं मशीन मात्र भराभर भराभर बिलं करतंय, कुठं थांबत नाही, कुठं चुकत नाही. ते म्हणाले, वा. म्हणाले, इंदूर हर चीज में नंबर वन. आणि देवांशसर बघायला आले.

देवांशसर म्हणजे मोठे साहेब, पण वयानं नाही. पांढरे बूट, हातात कॉफी. त्यांनी मशीनवरून हात फिरवला, घोड्यावरून फिरवतात तसा. म्हणाले, "इंदूर के कस्टमर ने मशीन को अपना लिया है." निशांत म्हणाला, "यस सर." वहिनी बाजूला उभ्या, पाठीवर मुझसे पूछिए. कुणीच काही विचारलं नाही. देवांशसरांनी एकदाच तिकडं बघून निशांतला विचारलं, "ये यहाँ क्यों हैं?"

आणि निशांतनं वहिनींना बाजूला घेतलं आणि काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "कौसल्याजी, काँग्रॅच्युलेशन्स. तुमच्यामुळे आता तुमची गरज नाही राहिली."

वहिनींनी जाकीट काढलं, घडी घातली. त्या घरी आल्या तेव्हा मी जिन्यातच होतो. डबा तसाच भरलेला. दुसऱ्या पायरीवर बसल्या, वर जायची घाई नव्हती त्यांना. म्हणाल्या, "निघताना रामभाऊ भेटले दारात. म्हणाले, आज जाकीट नाही घातलं? मी म्हटलं, धुवायला टाकलंय." एवढंच बोलल्या. मी म्हटलं चहा घेता का, त्या म्हणाल्या नको. आता मशीन चहाला जात नाही ते ठीक आहे, पण चहा नको म्हणालेली कौसल्यावहिनी मी पहिल्यांदा पाहिली.

आणि मग पुढचा दिवस उजाडला. तोच तो कोथिंबिरीचा दिवस. तुम्हाला सांगतो, सगळं शहर त्या तीन मशीनांसमोर येऊन उभं राहिलं आणि कुणालाच काही येत नव्हतं. येणार कुठून? मिशीत सेव घेऊन तो माणूस उभा, मशीन म्हणतंय, "वज़न मेल नहीं खा रहा," तो म्हणतोय, "तो तू भी खा ले भिया," आणि मशीनपुढं पाकीट धरतोय. चारुलताबाई म्हणतायत, "हे बघ, मी तुला शांतपणे विचारते," आणि मशीन ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला कोपऱ्यात उभं करायचं तेवढं बाकी ठेवलं. रामभाऊंनी चष्मा काढून काट्यावर ठेवला, तर मशीन त्याला अज्ञात वस्तु म्हणालं, आणि चष्मा नाही म्हणून रामभाऊंना पुढचं काही वाचता येईना. एक जण भाव करत होता, "पूरा लगा दिया? थोड़ा तो कम करो." तिन्ही दिवे लाल, तिन्ही मशीनं एका सुरात सहायक को बुलाएँ, सहायक को बुलाएँ, आणि लाइन अशी की पार बाहेर, पानवाल्याच्या दुकानापर्यंत. पानवाल्याचा धंदा मात्र उत्तम झाला.

निशांत आला वहिनींच्या घरी. स्कूटर लावली, वर गेला, पोह्यांना नको नको म्हणाला आणि दोन बशा खाल्ल्या. हे मला पंचशीलनं सांगितलं. पुढचंही त्यानंच सांगितलं. त्याला कुणाला सांगायचं नव्हतं, मलाही सांगायचं नाही, म्हणून तर मी फक्त तुम्हाला सांगतोय.

"कौसल्याजी, परत या," निशांत म्हणाला.

"जाकीट घालून?"

"नाही ना. तोच तर प्रॉब्लेम आहे." निशांत बशीत बघत म्हणाला, "देवांशसरांनी सगळ्या शहरांना कळवलंय, इंदूरचं मशीन एकटं चालतं. आता ते लोक बघायला येणार. तुम्ही बाहेर दिसलात तर माझी नोकरी जाईल."

"मग मी कुठं असेन?"

"मागच्या खोलीत. पडद्यावर बाहेरचं सगळं दिसेल, बटणं तुमच्याकडे. मशीन अडलं की तुम्ही तिथून ओके करायचं. तुम्ही टाइप कराल ते मशीन बोलेल. बस, कुणाला सांगायचं नाही."

पंचशीलला वाटलं, वहिनी नाही म्हणणार. पण त्या म्हणाल्या, "मशीनं तीन आहेत. एकटीला जमणार नाही. प्रीती आणि अमिता पण येतील."

"अहो, पण मशीन आणली कशाला मग? तीन बायका कमी करायलाच तर..."

"मग शिकव तूच लोकांना."

निशांतनं उरलेले पोहे संपवले आणि हो म्हणाला.

अशा तिघी परत आल्या. अमिता घरून आली, प्रीती भिंतीवरून सुटून आली. खोली म्हणजे लोणच्यांच्या पेट्या ठेवतात ती, खिडकी नाही, पंखा नाही, तीन पडदे, आणि बाहेरच्या उन्हानं तापलेला पत्रा डोक्यावर. पण बायका मजेत. कारण तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून भरपूर बाजारातलं मशीन जे शहाणं झालं... सेववाला आला की मशीन म्हणायचं, "भैया, मूँछ पोंछ लीजिए." तो दचकायचा, पुसायचा, हात जोडायचा. एक जण लाइन मोडून घुसला, मशीन म्हणालं, "आप इनके पीछे." गेला. बाजारात बातमी पसरली, मशीनला सगळं दिसतं. रामभाऊ साबण घ्यायला आले, मशीननं विचारलं, "रामभाऊ, गोली ली?" रामभाऊंनी संध्याकाळी आख्ख्या गल्लीला सांगितलं, मशीनला माझं नाव माहीत आहे. आता ते दोनदा जातात. सकाळी साबण, संध्याकाळी बीपी सांगायला.

आणि चारुलताबाई. त्या वहिनींनाच जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल कौसल्या, पण खरं सांगते, त्या मशीनमध्ये जी माया आहे ती माणसांत राहिली नाही. तुम्ही सुद्धा कधी इतकं विचारलं नव्हतंत." वहिनी काय म्हणणार? गुपित आहे. म्हणाल्या, "हो ना बाई. मशीन थकत नाही ना." आता यात कौसल्यावहिनींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. स्वतःची तारीफ स्वतःसमोर आणि ती सुद्धा स्वतःला कमी लेखून... दाद कुणाला द्यायची?

मग परवा तो सत्कार झाला. देवांशसर परत आले, दोन-चार शहरांची माणसं घेऊन. मधल्या मशीनला झेंडूचा हार घातला. कुंकू लावलं, ते पडद्यावरच लागलं. देवांशसरांनी भाषण केलं, "ये मशीन नहीं, परिवार का सदस्य है," आणि मग कुणाला तरी हौस आली, म्हणालं, मशीन को भी दो शब्द बोलने दो.

आत लोणच्यांच्या पेट्यांमधे तिघी घामानं चिंब. पडद्यावर सगळं दिसतंय, हार दिसतोय, टाळ्या दिसतायत. प्रीती म्हणाली, "लिही वहिनी. लिही की आत आम्ही आहोत." अमिता म्हणाली, "अगं, पण मग उद्या?" वहिनींची बोटं तशीच टेकलेली. पंचशील सांगत होता, त्या म्हणाल्या, मला माझं नाव लिहावंसं वाटलं. नुसतं नाव. ते तिथं सगळ्यांसमोर मशीनच्या तोंडून ऐकावंसं वाटलं. मग त्यांनी एकदा प्रीतीकडे बघितलं, एकदा अमिताकडे, पदरानं गळा पुसला, आणि जे अगदी खरं होतं आणि कुणाचं नुकसान करणारं नव्हतं, तेवढंच लिहिलं.

बाहेर मशीन बोललं, "धन्यवाद. यहाँ बहुत गर्मी है. हवा का कुछ इंतज़ाम करवा दीजिए."

देवांशसरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "देखा? इसने अपनी ज़रूरत खुद बताई." दुसऱ्या शहरांच्या माणसांनी फोन काढले. निशांत मात्र खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता, त्याला एकट्याला कळलं होतं कुणाला गरम होतंय.

दुसऱ्या दिवशी कूलर आला. मोठा, नवा, वाळ्याच्या गवताचा. चार माणसांनी उचलून आणला आणि लावला, बरोबर मधल्या मशीनसमोर. आता मशीनला दिवसभर गार वारा, हाराच्या पाकळ्या हलतायत, लोक मुद्दाम बाजूला उभे राहतात.

वहिनींना विचारलं मी, म्हटलं, काही बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, काय बोलायचं, आम्ही तिघी पडद्यावर त्या हलणाऱ्या पाकळ्या बघत बसतो, जरा बरं वाटतं.